वळवाच्या वादळाचा अंदाज : तो कसा वाचावा व त्यावर कसें वागावें

चैत्र-वैशाखांत ऊन तापून दुपारीं आभाळ भरून येतें व घटकाभरांत पाऊस पडून जातो, त्यास आपण वळीव म्हणतों. हा पाऊस शेतकऱ्याचा मित्रही आहे व वैरीही आहे. नांगरून तापत टाकलेल्या रानावर तो पडला म्हणजे ढेंकळें फुटतात, कुळवाची पाळी सुखानें होते, आणि आटत चाललेल्या विहिरीवरचा ताण चार दिवस हलका होतो. परंतु तोच पाऊस सोसाट्याचा वारा, गारा व विजा बरोबर घेऊन खळ्यावर किंवा बागेवर आला म्हणजे वर्षाच्या मेहनतीवर अर्ध्या तासांत पाणी फिरतें, आणि कित्येकदां घरचें माणूसही हातचें जातें.

या वादळांची पूर्वसूचना आतां पूर्वीपेक्षां पुष्कळ चांगली मिळूं लागली आहे. ती रेडिओवर, वर्तमानपत्रांत व बहुतेकांच्या खिशांतील मोबाइलवर येते. तरी गांवोगांव दोनच बोलणीं ऐकूं येतात. वादळापूर्वीं, “हवामानखात्याचें कधीं खरें होतें काय ?” आणि वादळानंतर, “आधीं कोणी सांगितलें नाहीं.” हीं दोन्ही बोलणीं एकाच मुळापासून निघतात. अंदाज म्हणजे ज्योतिषाचें भविष्य, असें समजून आपण तो ऐकतों. वस्तुतः तो जोखमीचें माप आहे. आणि शेर-पायलीचें माप जसें हातांत धरावयास शिकावें लागतें, तसेंच हेंही शिकावें लागतें. त्याकरितांच हा पाठ लिहिला आहे.

१. वळीव कसा तयार होतो

फाल्गुनापासून आपल्याकडील जमीन झपाट्यानें तापूं लागते. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. नुसती कोरडी हवा वर चढली तर वावटळ उठेल, पाऊस पडणार नाहीं. पावसास ओल पाहिजे. ती ओल बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर येते. उलटपक्षीं उत्तरेकडून व वायव्येकडून कोरडा, उष्ण वारा येतो. या दोहोंची गांठ बहुधा विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागांतून दक्षिणेकडे जाणाऱ्या एका पट्ट्यांत पडते. ‘विदर्भापासून केरळपर्यंत कमी दाबाचा पट्टा’ असे शब्द बातमींत आले, म्हणजे वळवाची चूल पेटली असें समजावें.

अशा दिवशीं दुपारीं पांढरा ढग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत फुगत वर जातो. त्याचा माथा दहा-पंधरा किलोमीटर उंच पोंचून ऐरणीसारखा पसरतो. इतक्या उंचीवर ऐन वैशाखांतही बर्फाची थंडी असते. तेथें बर्फाचे बारीक कण व मऊ गारा एकमेकांवर आपटून विजेचे भार वेगवेगळे होतात. साधारणतः ढगाच्या माथ्याकडे धन व तळाकडे ऋण. हे भार फार वाढले म्हणजे ढगांतल्या ढगांत किंवा ढग व जमीन यांमध्यें वीज चमकते.

गार तयार होते तीही तेथेंच. अतिशय थंड झालेले पण न गोठलेले पाण्याचे थेंब गारेस चिकटतात व गोठतात. वर चढणारा झोत जितका जोराचा, तितकी गार अधिक वेळ वर राहते व मोठी होते. माघ-फाल्गुनांत उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळें वरच्या थरांत थंड हवा येते, खालची हवाही फार तापलेली नसते, व गारा वाटेंत वितळत नाहींत. वैशाखांत पुष्कळ गारा जमिनीस लागण्यापूर्वींच विरघळून जातात. म्हणून गारपिटीची धास्ती होळीच्या आगेमागें अधिक, व वाऱ्याची आणि विजेची अक्षय्यतृतीयेपासून मृगापर्यंत अधिक, असा ढोबळ हिशेब धरावा. २०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्र या भागांत जी गारपीट झाली, ती याच काळांतली. गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्षें, डाळिंबें, जें जें कापणीस आलें होतें तें तें झोडपलें गेलें. २०१८ सालीं ११ फेब्रुवारीस जालना, बीड इत्यादि जिल्ह्यांत पुन्हां तोच प्रकार झाला.

पावसाबरोबर ढगांतील थंड व जड हवा खालीं कोसळते आणि जमिनीवर आपटून चोहोंकडे पसरते. पावसाच्या आधीं अंगास लागणारा गार झोत तो हाच. या वाऱ्याविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे जोर दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. ताशीं ३० किलोमीटरच्या वाऱ्यांत जो पत्रा नुसता वाजतो, तो ६० किलोमीटरच्या वाऱ्यांत उडून जाऊं शकतो.

२. अंदाजांतील शब्दांचा अर्थ

भारतीय हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें. १९२८ सालीं त्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें, १९३२ सालीं पुण्यासच शेतीच्या हवामानाचा अभ्यास करणारी शाखा डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाताखालीं सुरू झाली, व १९४५ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठीं खास हवामानवार्ता मिळूं लागली. इतक्या वर्षांच्या व्यवहारांत या खात्याचे कांहीं शब्द ठरून गेले आहेत. सात-बाराच्या उताऱ्यांत ‘जिरायत’ व ‘पोटखराबा’ या शब्दांस जसा ठराविक अर्थ असतो, तसाच यांनाही आहे.

पहिला शब्द स्थळाचा. हवामानखात्यानें महाराष्ट्राचे चार विभाग केले आहेत : कोकण (यांतच गोवा येतो), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा व विदर्भ. हे महसुली विभाग नव्हेत. नाशिक, जळगांव, अहिल्यानगर, पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर व सोलापूर हे सर्व जिल्हे मध्य महाराष्ट्रांत धरले जातात. खानदेशांतील मनुष्य आपल्या मुलखाचें नांव येईल म्हणून वाट पाहत राहिला, तर इशारा त्याच्या कानावरून निघून जाईल. जिल्हावार अंदाज निघत असल्यानें आपल्या जिल्ह्याची ओळ शोधून वाचावी हें उत्तम.

दुसरा शब्द व्याप्तीचा. विभागांतील एकंदर पर्जन्यमापक ठाण्यांपैकीं चतुर्थांशापर्यंत ठाण्यांवर पाऊस होईल असें वाटलें तर ‘तुरळक ठिकाणीं’ म्हणतात; चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत ‘कांहीं ठिकाणीं’; निम्म्यापासून पाऊण हिश्श्यापर्यंत ‘बऱ्याच ठिकाणीं’; व त्याहून अधिक असल्यास ‘बहुतेक ठिकाणीं’. वळवाच्या दिवसांत बहुतकरून ‘तुरळक’ हाच शब्द येतो. तुरळक म्हणजे थोडा पाऊस, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. हा शब्द ठिकाणांची संख्या सांगतो. जेथें पडेल तेथें किती जोरानें पडेल, याचा त्याशीं संबंध नाहीं.

तिसरा शब्द प्रकाराचा. ‘मेघगर्जनेसह’, ‘विजांचा कडकडाट’, ‘गारपीट’, ‘सोसाट्याचा वारा’ व वाऱ्याचा ताशीं वेग, हीं पदें एकेक करून वाचावीं. पावसानें ज्याचें बिघडतें तो विजेनें मरणारा नव्हे, व वाऱ्यानें ज्याचें मोडतें तें पावसानें भिजणारें नव्हे. प्रत्येकाची तजवीज निराळी आहे.

चौथा शब्द रंगाचा. हिरवा म्हणजे इशारा नाहीं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारींत राहा. लाल म्हणजे आतां कृति करा. संकट घडण्याचा संभव किती, व घडल्यास परिणाम किती भारी, या दोहोंचा विचार करून हा रंग ठरतो. तेव्हां पिवळा पाहून ‘आज कांहीं नाहीं’ म्हणणें हें रंगाचें वाचन नव्हे.

३. अंदाज खोटा कां वाटतो

वळवाचा एक ढग फार मोठा नसतो. त्याची छाया पांच-दहा कोस मुलखावर पडली तरी पुष्कळ. एकाकी ढगाचें आयुष्यही तासाभराचेंच असतें. आतां अहिल्यानगर जिल्ह्याचें क्षेत्र पाहा. तें सुमारें १७ हजार चौरस किलोमीटर आहे. दहा किलोमीटर लांब व दहा किलोमीटर रुंद असा पावसाचा एक पट्टा तेथें पडला, तर तो शंभर चौरस किलोमीटर झाला, म्हणजे जिल्ह्याचा एकशेंसत्तरावा हिस्सा. अशीं पांच-सात वादळें एका दिवसांत झालीं तरी जिल्ह्यांतील बहुतेक गांवें कोरडींच राहतील. आणि त्या सर्व गांवांत रात्रीं पारावर एकच बोलणें होईल कीं अंदाज खोटा ठरला. ज्या गांवांवर वादळ कोसळलें तेथें मात्र त्या वेळीं पारावर बसावयास कोणास सवड नसते.

कोणत्या दिवशीं व कोणत्या जिल्ह्यांत वादळास अनुकूल हवा आहे, हें कांहीं दिवस आधीं सांगतां येतें. नेमका कोणता शिवार, हें ढग उभा राहिल्यावरच कळतें. कारण त्यापूर्वीं तो ढगच नसतो. कढईंत पाणी तापत ठेवलें म्हणजे उकळी फुटेल हें खात्रीनें सांगतां येतें. पहिला बुडबुडा कोठें उठेल हें कोणी सांगूं नये व कोणी विचारूंही नये. सबब दूरच्या अंदाजाकडून दिवस व जिल्हा घ्यावा, आणि गांव व घटका यांसाठीं जवळच्या सूचनेकडे पाहावें.

४. खर्च व नुकसानी यांचा हिशेब

मग दहा वेळां तयारी करावी आणि नऊ वेळां ती फुकट जावी, यांत शहाणपण काय, असा प्रश्न निघेल. याचें उत्तर अंकगणितानेंच द्यावें. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

समजा, खळ्यावर हरभरा पडला आहे. तो गोळा करून ताडपत्रीनें झांकण्यास मजुरीसह ६०० रुपये लागतात. भिजल्यास ३० हजारांचें नुकसान होईल. आपल्या शिवारांत पाऊस येण्याचा संभव दहांत एक आहे. दहा वेळां झांकलें तर ६ हजार रुपये खर्च झाले. न झांकलें तर दहांपैकीं एकदां ३० हजार गेले. झांकणें स्वस्त पडलें. येथें नऊ वेळां ‘फुकट गेलेली’ मजुरी फुकट गेली नाहीं. ती दहाव्या वेळेची किंमत आहे.

आतां दुसरें उदाहरण. शेतांत गहू उभा आहे व पक्व होण्यास आठवडा आहे. आजच कापला तर दाणा बारीक राहून १२ हजारांचा तोटा येतो; गारपीट झाली तर ४० हजारांचा. संभव तोच, दहांत एक. दहा वेळां घाईनें कापल्यास तोटा १ लाख २० हजार, व न कापल्यास ४० हजार. येथें थांबणेंच बरें. परंतु इशारा नारिंगी झाला व संभव दोहोंत एकावर आला, तर दोनदां कापण्याचा तोटा २४ हजार व एकदां गारपिटीचा ४० हजार. आतां कापणें शहाणपणाचें.

यावरून नियम असा निघतो : खर्चास नुकसानीनें भागावें. येणारा अपूर्णांक संभवाहून लहान असेल तर काम करावें, मोठा असेल तर थांबावें. पहिल्या उदाहरणांत हा अपूर्णांक एकपन्नासांश आहे. म्हणून पिवळ्या रंगावरही खळें झांकावें. दुसऱ्यांत तो तीनदशांश आहे. म्हणून केवळ पिवळ्यावर विळा हातीं घेऊं नये. एकच अंदाज ऐकून दोघां शेजाऱ्यांनीं निरनिराळें वागणें यांत विसंगति नाहीं. दोघांचें हवामान एक असलें तरी खळीं दोन आहेत.

५. पांच दिवस, एक दिवस, तीन तास

अंदाज पायऱ्यापायऱ्यांनीं येतो. कामेंही त्याच पायऱ्यांनीं करावीं.

चार-पांच दिवस आधीं : जिल्ह्याचा अंदाज व मंगळवारीं आणि शुक्रवारीं निघणारा कृषिहवामान सल्ला पाहावा. ‘मेघदूत’ या मोबाइलवरील ॲपांत तो मराठींत मिळतो. वादळाचे दिवस दिसत असतील तर जेवढें घरीं आणतां येईल तेवढेंच कापावें. उभ्या गव्हास पाणी देऊं नये. ओल्या जमिनींत मुळांचा धर सुटतो व पीक लोळतें. फवारणी व वरखत पुढें ढकलावें. केळीस बांबूचे टेकू द्यावे. काढलेला कांदा सुकला असेल तर चाळींत घालावा.

आदल्या दिवशीं : खळें, शिजवून वाळत घातलेली हळद, कडब्याची गंज यांवर ताडपत्री घालून ती दोरानें बांधावी, नुसते दगड ठेवून भागत नाहीं. भोंवतीं चर काढावा. कारण खळें वरून जितकें भिजतें तितकेंच खालूनही भिजतें. गोठ्याचे व घराचे सुटे पत्रे आवळून घ्यावे. घरावर ओणवलेली वाळकी फांदी उतरवावी.

त्या दिवशीं : रानांतलें काम पहांटेस सुरू करून दुपारीं दोनच्या आंत उरकावें. वळवाचीं वादळें बहुधा तिसऱ्या प्रहरापासून रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत होतात.

तीन तास आधीं : मुंबई, नागपूर इत्यादि ठिकाणच्या रडारवर ढग दिसूं लागल्यावर हवामानखातें तात्कालिक अंदाज काढतें, त्याची मुदत तीन तासांची असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें ॲप आपल्या जवळपास विजा पडत असल्यास सूचना देतें. ही सूचना आल्यावर करावयाचें काम एकच, तें म्हणजे माणसें व जनावरें आंत घेणें. खळें झांकण्याची ही वेळ नव्हे.

या शेवटच्या वाक्यावर आम्ही वाचकांस थांबण्याची विनंति करितों. पायऱ्या कां पाळावयाच्या, याचें खरें कारण येथें आहे. आदल्या दिवशीं ज्याचें खळें झांकलेलें असतें, तो गडगडाट ऐकून घरांत बसतो. ज्याचें उघडें असतें, तो ताडपत्री घेऊन उघड्या माळावर धांवतो, आणि बहुधा मुलास किंवा बायकोस बरोबर घेऊन धांवतो. आदल्या दिवशींची सहाशें रुपयांची मजुरी हरभरा वांचविते हें तर खरेंच. पण ती माणसास त्या घटकेस रानांत जाण्याचें कारण उरूं देत नाहीं, हा तिचा मोठा लाभ होय.

६. विजेपुढें हिशेब नाहीं

सरकारी नोंदीप्रमाणें २०२२ या एका सालांत आपल्या देशांत वीज पडून २,८८७ माणसें दगावलीं. आमची उमर महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. विजेच्या मृत्यूचे जे पंचनामे आमच्या नजरेखालून गेले, त्यांत गांव, गट नंबर, नांव बदले. एक वाक्य मात्र फारसें बदलत नसे : ‘पाऊस आला म्हणून झाडाखालीं उभे राहिले होते.’ तें वाक्य नकलतांना आम्हांस पुष्कळदां वाटे कीं हें वाक्य मृत्यूनंतर कागदावर येण्याऐवजीं आधीं लोकांच्या कानांवर आलें असतें तर बरें होतें.

झाडावर पडलेली वीज खोडावरून उतरतांना शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी घेते, व जमिनींतून मुळांच्या वाटेनें पसरते. जमिनींतून जाणारी वीज एका पायानें चढून दुसऱ्यानें उतरते. पायांत अंतर जितकें अधिक तितका धक्का अधिक. झाडाखालीं बांधलेलीं गुरें एकदम मरतात तीं यामुळेंच. त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर फार असतें. पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत अजून कांहीं ठिकाणीं आहे. विजेस कोणाचा जन्म कसा झाला हें दिसत नाहीं. मोकळ्या रानांतील उंच वस्तु, एकटें झाड, विजेचा खांब, किंवा सपाट शेतांत उभा असलेला मनुष्य, हीं तिच्या वाटेंत अधिक येतात, इतकेंच.

यासाठीं पुढील नियम घरांतील सर्वांस पाठ करवावे.

एक : वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. आवाज तीन सेकंदांत सुमारें एक किलोमीटर येतो. तीसच्या आंत आवाज आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आंत आहे. तत्काळ आंत जावें. मोजतां न आल्यास, गडगडाट ऐकूं आला एवढेंच पुरे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. कांहीं विजा पाऊस थांबल्यावरही पडतात.

दोन : आसरा म्हणजे पक्कें घर किंवा बंद मोटारगाडी. झाड, चार खांबांवरचा उघडा पत्रा, मचाण, बिनटपाचा ट्रॅक्टर हे आसरे नव्हेत. २०२३ सालीं ९ एप्रिलच्या रात्रीं अकोला जिल्ह्यांतील पारस येथें वादळांत निंबाचें जुनें झाड देवस्थानाच्या पत्र्याच्या शेडवर कोसळून आंत आसऱ्यास असलेल्यांपैकीं सात जण मरण पावले. झाडाजवळच्या पत्र्याखालीं वीज व वारा या दोहोंचें भय एकवटतें.

तीन : विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर, तारेचें कुंपण, लोखंडी पाइप यांस हात लावूं नये. तळें, कालवा किंवा पाणी भरलेलें शेत यांतून बाहेर यावें. पायांत रबरी चप्पल आहे म्हणून निर्धास्त राहूं नये.

चार : माळावर सांपडलोंच व आसरा गांठणें अशक्य झालें, तर एकट्या झाडापासून व खांबापासून दूर, सखल जागीं, दोन्ही पाय जुळवून उकिडवें बसावें व डोकें वांकवावें. जमिनीवर आडवें पडूं नये. अनेक जण असल्यास घोळका न करितां एकमेकांपासून अंतरावर बसावें. हा निरुपायाचा उपाय आहे. यानें धोका कमी होतो, जात नाहीं.

पांच : वीज लागलेल्या माणसाच्या अंगांत वीज राहत नाहीं, त्यास शिवण्यास भय नाहीं. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागीं दोन्ही हातांनीं जलद व जोरानें दाबत राहावें आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शेणांत किंवा मातींत पुरून ठेवण्याचा जो प्रकार देशांत कोठें कोठें होतो, त्यानें जीव वांचण्याची वेळ मात्र निघून जाते.

७. वादळ गेल्यावर

आतां आमच्या जुन्या व्यवसायांतील दोन शब्द. नैसर्गिक आपत्तींत पिकाचें नुकसान मदतीस पात्र ठरण्यासाठीं पूर्वीं निम्मे पीक जावें लागे. २०१५ सालीं ही अट तेहतीस टक्क्यांवर आली. हें प्रमाण पंचनाम्यांतील नोंदीवरून ठरतें. म्हणून नोंद वेळेवर व खरी व्हावी.

वळवाचा स्वभाव वर सांगितलाच आहे. मंडळाच्या ठिकाणचें पर्जन्यमापक कोरडें असतां शेजारच्या दोन गांवांत गारांचा थर सांचलेला असूं शकतो. अशा वेळीं केवळ मापकाचा आंकडा आपली बाजू मांडीत नाहीं. वादळाचा दिवस व वेळ लिहून ठेवावी. गारा वितळण्यापूर्वीं व पीक उचलण्यापूर्वीं, गट नंबर ओळखूं येईल अशा खुणांसह, छायाचित्रें काढावीं. तलाठ्यास (ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) व कृषि खात्याच्या गांवच्या कर्मचाऱ्यास त्याच दिवशीं लेखी कळवून पोंच घ्यावी. सात-बारावर रबीच्या पिकाची नोंद ई-पीक पाहणींत आधींच केलेली असावी. शेतांत द्राक्षें आणि कागदावर पडीक, असें असल्यास पंचनामा करणाराचेही हात बांधले जातात. मनुष्य दगावल्यास पोलीसपाटलांमार्फत खबर देऊन शवपरीक्षा करवावी, व जनावर दगावल्यास पशुवैद्यकाकडून. दुःखाच्या भरांत ही गोष्ट टाळली जाते, व मृत्यु विजेनेंच झाला हें मागाहून सिद्ध करणें कठीण पडतें.

८. सूचना पोंचते कोणाकडे ?

हा अंक ज्यांच्या हातीं पडेल ते बहुतेक खातेदार आहेत. इशाराही त्यांच्याच मोबाइलवर येतो. परंतु तिसऱ्या प्रहरीं रानांत असतो तो सालगडी, खुरपणाऱ्या व कांदा काढणाऱ्या बाया, शेळ्या राखणारा पोर, किंवा बांधावर उतरलेला धनगर. ढग पाहून काम सोडावें असें त्यांस वाटलें तरी रोज बुडेल म्हणून ते सोडीत नाहींत. सबब ज्या दिवशीं जिल्ह्यास पिवळा वा त्यावरचा इशारा असेल, त्या दिवशीं मजूर लावतांनाच सांगून ठेवावें कीं गडगडाट झाला म्हणजे काम बंद, व त्याबद्दल रोज कापला जाणार नाहीं. अर्ध्या दिवसाचा रोज हा चौथ्या कलमांतील हिशेबांत कोठें बसतो, हें वाचकांनीं स्वतःच मांडून पाहावें. शक्य असल्यास सहाव्या कलमांतील पांच नियम मोठ्या अक्षरांत लिहून चावडीवर, सोसायटीच्या कचेरींत व शाळेच्या भिंतीवर लावावे, आणि ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस वाचून दाखवावे, एवढी विनंति करून हा पाठ पुरा करितों.